क्वालालंपुरातला टेबलाखालचा सौदा

मी नंदुरबारजवळच्या रनाळ्याची. जन्म तिथलाच, लग्नही तिथंच, माहेर आणि सासर यांच्यात दोन गल्ल्या, त्यामुळे रुसून माहेरी जायची सोयसुद्धा नव्हती, मी पोचायच्या आधी सासू तिथं येऊन बसलेली असायची. पोरगा बालवाडीत होता तेव्हा नवरा काविळीनं गेला. शेत दिरानं आपल्याकडे ठेवून घेतलं, मला म्हणाला, तू बाई माणूस, तू काय करणार शेताचं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही, आजही बोलत नाही, हे लिहा, त्याला वाचू द्या.

मग मी पोराला, राहुलला, घेऊन नंदुरबारला आले. मिरचीच्या पथारीवर काम धरलं. पथारी म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत पसरतात ती जागा, नजर जाईल तिथवर लाल, आणि आम्ही बाया फडकं तोंडाला बांधून देठ खुडत बसायचो. रात्री हात पाण्यात घालून झोपायचो, इतकी आग. पण मी देठ खुडता खुडता कान उघडे ठेवले, कोणता व्यापारी कधी नडलेला असतो ते कळलं, आणि हळूहळू स्वतःच माल घ्यायला लागले, पुढे दुकानही टाकलं. लोक म्हणायचे, ही बाई जिभेवर मिरची ठेवून बोलते. म्हणू दे. गोड बोलले असते तर अजून देठच खुडत बसले असते.

तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडानं काही बोलायचं नाही, भाव बोटांनीच ठरायचा. आता परक्या बाईचा हात कोण धरणार, म्हणून मी राहुलचा हात पुढे करायचे. एक हात रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात, दुसरा माझ्या हातात. तिकडून जे यायचं ते तो मला दाबून सांगायचा, मी दाबलं की तिकडे दाबायचा, कधी चुकला नाही. मला वाटायचं, झालं, धंद्याला माणूस तयार झाला. तर तो शिकला आणि कॉम्प्युटरच्या नोकरीला मलेशियात गेला. तिथल्याच तमिळ मुलीशी, शांतीशी, लग्न केलं. लग्न मी फोनवर पाहिलं. फोन दुकानातल्या तागडीला टेकवून ठेवला होता आणि मधेच गिऱ्हाईक आलं.

नातू चार वर्षांचा झाला तेव्हा राहुलनं मला तिकडे नेलं. काय सांगू तुम्हाला, घर चकाचक, पण स्वयंपाकघरात फोडणीचा वास नाही, सारखं बाहेर जेवायचं. एका रविवारी सगळे हॉटेलात गेलो. हॉटेल म्हणजे तीन बाजूंनी उघडं, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखे, एक माणूस एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचावरून चहा ओततोय, दुसरा मैदा हवेत फिरवून रुमालाएवढी पोळी करतोय. शांतीचे आईवडील, भाऊ, सगळे आलेले. मला नारळाच्या दुधातला भात दिला, वर अंडं, शेंगदाणे, तळलेली बारीक सुकी मासळी आणि लाल मिरचीचं कालवण, त्याला संबल म्हणतात. मी बोटानं चाटून पाहिलं तर गोड. मिरची आणि गोड. वाढणाऱ्याला मी आमच्या अहिराणीत म्हटलं, अरे, ही मिरची शे का गुळांबा. त्याला काही कळलं नाही, पण माझा आवाज कळला, दोन टेबलं वळून बघायला लागली. राहुल म्हणाला, माय, हळू बोल, आठे असं नही चालत.

शांतीचे वडील हसले. ते काहीतरी बोलले, राहुलनं मला सांगितलं, अप्पा विचारतात, तुम्ही मिरचीच्या व्यापारी, मग संबल इतकं कमी का खाता. मी म्हटलं, त्याले सांग, हलवाई रोज पेढे खातो का. सगळे हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. राहुल त्याला अप्पा म्हणत होता, त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता, त्याला कोणतं कालवण चालतं, कोणतं नाही, सगळं पाठ. नातू त्याच्या मांडीवर. मी समोर बसलेली, माझ्याशी बोलायचं तर आधी राहुलनं तोंडातला घास गिळायचा, मग बोलायचं.

मला एकच मागायचं होतं. आमच्याकडे श्रावणात कानुबाई बसते. खानदेशातला माणूस सुरतेत असो की पुण्यात, कानुबाईला घरी येतो. देवीसमोर रोट होतात, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, त्या फक्त घरच्यांनी खायच्या. माझ्या नातवानं कानुबाई एकदाही पाहिली नव्हती. मी म्हटलं, पोराला घेऊन दर वर्षी येत जा. राहुल म्हणाला, आता नको ना हे, सगळ्यांसमोर.

आवाज चढवायचा नाही, बरं. मी टेबलाखाली त्याचा हात धरला. पाची बोटं दाबली, म्हणजे दर वर्षी. तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं माझं एक बोट धरलं, म्हणजे एकदाच येईन. इतक्या वर्षांनी, त्याला आठवत होतं. मी तीन दाबली, त्यानं एकच. मी दोन दाबली, तो वर अप्पांशी बोलत होता, हसत होता, आणि खाली एकाच बोटावर अडून होता. असं घट्ट गिऱ्हाईक मला बाजारात भेटलं नाही, आणि ते मीच घडवलं होतं. शेवटी मी एकावर सोडलं. येत्या श्रावणात, पोरासकट. सौदा झाला. शांतीनं राहुलला विचारलं, आई का रडतात, त्यानं मला सांगितलं, तर मी म्हटलं, तिखट लागलं.

श्रावण तोंडावर आला आणि फोन आला. अप्पांचं हृदयाचं ऑपरेशन, शांती एकटी काय करेल, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हटलं, सौदा ठरल्यावर माल पुढच्या वर्षी देतो म्हणणाऱ्याला बाजारात कोणी उभं करत नाही. तो म्हणाला, माय, मी व्यापारी नाही. मी फोन ठेवला. काय चुकीचं बोलले, सांगा. आजारी माणसाला सोडून ये असं मी म्हणू शकत नव्हते, पण सौदा माझ्याशीच झाला होता ना, अप्पांशी नाही. राग कोणावर काढायचा तेही कळेना, तो दिवसभर हमालांवर काढला.

यंदाची कानुबाई मागच्या आठवड्यात झाली. तो आलाच नाही, यंदा सुट्टी नाही म्हणे, मीही वाद घातला नाही. रोटाचं दळण मोजायची रीत अशी, घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी गहू. माझ्या घरात पुरुष दोन, राहुल आणि त्याचा पोरगा. त्या दोघांच्या नावानं मी मोजलं. बाईच्या नावाचं मोजत नाहीत. आणि रोट बाहेर कोणाला देता येत नाहीत, शेजारणीला नाही, कामाच्या बायांना नाही, भाऊबंद म्हणून एक दीर आहे, त्याला मी हाक मारणार नाही. पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. मग मीच खाते, सकाळी दुधात कुस्करून, दुपारी दुकानात, फडक्यात बांधून नेते. कडक होतात, दात दुखतात.

पुढल्या वर्षी गहू कमी घे, देवीला कळतं, असं शेजारीण म्हणाली. मी तिला म्हटलं, तू तुझं बघ. कमी मोजायचं म्हणजे दोघांपैकी कोणाला घरातून काढू. तिकडे अप्पा बरे आहेत, जिना चढतात म्हणे. चांगलं आहे. सगळ्यांना कानुबाई सुखात ठेवो. अजून तीन रोट आहेत डब्यात, तुम्हाला देता येत नाहीत, रागावू नका, चहा घ्या.