ट्रम्पेटवाल्याचा पंप

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीकाकांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. कान मात्र शेजारच्या ट्रम्पेटवाल्याकडे आणि त्याच्या बायकोकडे होते.

“आज फरक दिसला नाही तर माझं ट्रम्पेट कायमचं बंद, म्हणालेत डॉक्टर.”

“दोन-दोन औषधं आहेत त्या दम्याच्या पंपात, फरक पडायलाच हवा. तुम्ही नेमाने घेतच नसाल.”

“सकाळ-संध्याकाळ घेतो! वर डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्याही करतो.”

“मग घ्या बरं माझ्यासमोर.”

“इथे? लोक बघतायत.”

“भर रस्त्यात वाजवता, तेव्हा नाही लाजत!”

पंपाचा खटका वाजला. फुर्रकन पांढरी भुकटी काकांच्या वर्तमानपत्रावर येऊन बसली. काकांनी आ वासला, बायको ओरडली.

“अहो, फुंकलंत काय!”

“मग? तोंडाला लावलं की फुंकायचं. जन्मभर तेच केलं.”

“औषध आत ओढायचं असतं हो!”

“आत? म्हणजे इतके महिने…”

“कणभरही गेलं नाही छातीत!”

“गुळणी मात्र एकदाही चुकवली नाही.”

“थट्टा सुचतेय? परवा तुमचे ओठ निळे पडले, तेव्हा पंप घेऊन मोरीत शिरलात आणि मी दाराबाहेरून ओरडत होते, जोर लावा, अजून जोर लावा म्हणून!”

“लावला की गं.”