काशीतली खोली आणि मिनूचं मराठी

काशीला जायचं ठरलं आणि माझी झोपच उडाली. हॉटेल आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून मी मोठ्या हुशारीने मराठी यात्रेकरूंची एक धर्मशाळा शोधून काढली होती. तिथे खोली फक्त मराठी कुटुंबांना मिळे, आणि आमची पाच वर्षांची मिनू जन्मापासून बालीगंजमध्ये वाढलेली, सदान्‌कदा बंगालीत बोलणारी. हावड्याला गाडीत बसल्यापासून मी तिच्याकडून घोकून घेत होते, "गाव विचारलं की सातारा सांगायचं."

धर्मशाळेच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना सोडून नेमकं तिलाच विचारलं, "काय गं, गाव कुठलं तुझं?"

"बालीगंज."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वळकटीकडे पाहिलं.

"अस्सं. मग तू मराठी कशी?" पुढे केलेली किल्ली मागे घेत ते म्हणाले.

त्यावर मिनूने जे उत्तर दिलं त्यात एकही बंगाली शब्द नव्हता, आणि त्याच उत्तरावर आम्हाला गंगेकडची खोली मिळाली, हे मी अजून येईल त्याला सांगते.

"आजोबा, शेजारच्या काकू लाड करतात ते बंगालीत, पण आई ओरडते ना, ती मराठीतच."