इंजिनाला लावलेला कान

माझं माहेर दोडामार्गाकडचं, लग्न होऊन इथे सर्वणला आले, आणि काय सांगू तुला बाय, तेव्हा गाडी म्हणजे बसायची वस्तू एवढंच मला ठाऊक. आमचे हे शिरगावला खाणीवरच्या गाड्यांचं काम करायचे, ते काम सुटलं तसं घरासमोर पत्रे घालून गॅरेज काढलं. सगळे त्यांना मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणतात, म्हणून मीही मेस्तच म्हणते, नाव कसं घ्यायचं. जुन्या पेट्रोल गाड्या लोक हौसेने शर्यतीसाठी बनवून घेतात ना, त्यांचं टायमिंग लावावं ते मेस्तांनीच, असं नाव होतं.

आता टायमिंग म्हणजे काय ते विचार, पण मला कळलंय असं समजू नको. आत पिस्टन वर येत असतो, तो पोचायच्या आधीच ठिणगी टाकायची म्हणे. मी म्हटलं, आधीच आग लावली तर तो उलटा नाही का ढकलला जाणार? तर म्हणाले, आग पसराक वेळ लागता गो, म्हणून आधी. किती आधी? तांच तर कळाक होया, म्हणाले. उशीर झाला तर गाडी ओढत नाही, फार लवकर झालं तर आत खटखट वाजतं, आणि वाजत राहिलं तर पिस्टनला भोक. बरं, म्हटलं.

दिवा असतो त्यांच्याकडे टायमिंग बघायचा, पण म्हणतात, कंपनीचा आकडा कंपनीच्या इंजिनाला, हे इंजिन बदललेलं, ह्याचं चढावर कानानेच बघायचं. आणि कानच गेले ना बाय. हळूहळू गेले, आधी पक्ष्यांचे आवाज, मग कुकरची शिट्टी, मग माझी हाक. कुणाला सांगू नको म्हणाले, मेस्ताला ऐकू येत नाही म्हटल्यावर गाडी कोण आणील दारात? मग चाचणीला मला न्यायला लागले. मी बाजूला पिशवी घेऊन बसायचे, बघणाऱ्याला वाटावं बाजाराला चाललीत.

तर पेडण्याच्या सिद्धेशने गाडी आणली, डोंगरावरच्या शर्यतीत न्यायची होती. मुळगावच्या चढावर नेली, आणि मला आवाज आला, तिसऱ्यांचे रिकामे शिंपले गोणीत हलवल्यासारखा. वाजतं, म्हटलं. परत आलो, मेस्तांनी डिस्ट्रिब्युटर ढिला करून जरासा फिरवला, ठिणगी मागे घेतली. पुन्हा गेलो, पुन्हा वाजतं. पुन्हा मागे. असं करता करता वाजायचं थांबलंच नाही आणि गाडीचा जीव मात्र गेला. सिद्धेश एक फेरी मारून आला तो लालबुंद. मेस्त, गाडी म्हातारी केलात मरे, रिक्षासुद्धा फुडें वता हिच्या, उद्या म्हापशाला दुसऱ्याकडे नेतां म्हणाला.

मेस्त गाडीखाली शिरले आणि बाहेर आले ते पत्रा घेऊन. सायलेन्सरच्या नळीवरचा पत्रा, बोल्ट पडलेला. म्हणजे मी पत्रा ऐकत होते बाय, इंजिन नव्हेच! सिद्धेश म्हणाला, मेस्त, इतका मोठा पत्रा वाजता तो तुमका कसो आयकू आयलो ना? मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तोवर मेस्त म्हणाले, माका आयकाक येना. ही आयकता.

सिद्धेशने माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं. वयनी? म्हणाला आणि हसला, मग हसायचा थांबला. मला वाटलं चावी घेऊन जाणार. तर म्हणतो, पत्रा काढलो ना, आता वाजलं तर इंजिनच. बसा वयनी.

मेस्तांनी तांब्याच्या नळीचं टोक ठोकून इंजिनाला बोल्टने बांधलं, त्यावर रबरी नळी चढवून जनेलातून, खिडकीतून गो, आत घेतली ती माझ्या कानाशी. सिद्धेश चालवतोय, मी पुढे, मेस्त मागे. टायमिंग पुढे घ्यायचं, चढ चढायचा, उतरायचं, परत पुढे. नळीतून सगळं घरघरतं नुसतं. आणि मग त्या घरघरीत काहीतरी कोरडं, बारीक, नखाने दातावर मारल्यासारखं. होतं की नव्हतं? नाही म्हणावं आणि असलं तर भोक, हो म्हणावं आणि नसलं तर पुन्हा म्हातारी. मागून विचारतात, वाजता काय गो? मी म्हटलं, वाजतं असं वाटतं. त्यांनी ओठ वाचले माझे आरशात. सिद्धेशला म्हणाले, वाजता, थांबव. माझं वाटणं त्यांनी गाळूनच टाकलं.

मग थोडं मागे घेतलं आणि तिथेच बांधलं. शर्यतीत नंबर काही आला नाही, पण गाडी जोरात चढली आणि आपल्या पायांनी घरी आली, सिद्धेश आता दुसऱ्यांच्याही गाड्या पाठवतो. काहीजण मात्र यायचे थांबले, बायकोच्या कानावर गाडी कोण सोडणार म्हणतात, त्यांचंही खोटं कसं म्हणू, मलाच अजून चढावर घाम फुटतो.

आता डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलंय, पुढच्या महिन्यात लावणार. हाक मारली की वळून बघतील, माझ्याशी भांडतील सुद्धा. लागो बाय त्यांना ते मशीन, देवी करो आणि लागो, मी दिवा लावतेय रोज. पण मग मला नेणार काय गाडीत? दिवा लावताना हे मनात येतं, आणि मी तिथेच उभी राहते, काडी हातात जळतेय आणि काय मागायचं ते कळत नाही.