औषध घेतले

चंदाबाई : म्हंजे हा डब्बा पेपर वाचते?

नुजहत : हा नाही काकू. वाचनारी मशीन दूर कुठं तरी हाय. इंटरनेटवरचं पानन् पान वाचते अन् त्याच्यातून शिकते. डाउट आला का मले इचारते. मी बटन दाबाचं, बस.

चंदाबाई : मास्तरीन झाली म्हन ना! निजामुद्दीनभाऊ फवारनीचे पंप सुदरवते, पोरगी मशीनले अक्कल शिकवते.

नुजहत : कायची अक्कल! काल इचारते, 'गुलाबी बोंडअळी हे बाईचे नाव आहे का?'

चंदाबाई : हो दाबाचं. माह्या सासूले शोभलं असतं. अन् हे सांगाले मले वेचनीवरून बलावलं काय व?

नुजहत : नाही. आज काकाजीचं नाव आलं. 'मारोतराव, तालुका मारेगाव. औषध घेतले. बरे झाले.' बरोबर का चूक, इचारते.

चंदाबाई : बरे झाले?

नुजहत : पेपरात 'औषध घेतले' होतं. आपन कपाशीवरच्या जहरालेबी औषधच म्हनतो, हे तिले कुठं मालूम? तिले वाटलं तापाची गोळी.

चंदाबाई : पेपरवाल्यानं तरी 'घेतले' कायले लिवलं? पाठीवर पंप होता त्याच्या. लोकाच्या वावरातल्या पऱ्हाटीत रोजीनं फवारून राह्यलता. वारं फिरलं, सारं तोंडावर आलं. सांजीले मले म्हने, दिवा काहून नाही लावला? दिवा तं लावेल होता, डोयेच गेलते त्याचे. पहाटे तो गेला. याले घेनं म्हनते काय?

नुजहत : नाही काकू.

चंदाबाई : मंग दाब ना नाही.

नुजहत : नाही दाबलं तं मशीन दुसरे पानं खरे धरन. काकाजीचे चार पानं हाय अजून. चारीवर आत्महत्या लिवली हाय.

चंदाबाई : अन् हो दाबलं तं?

नुजहत : बरे झाले.

चंदाबाई : फवारतानी लागलं, हे कुठं हाय?

नुजहत : कुठीच नाही.

चंदाबाई : तू लिव.

नुजहत : लिवाले जागाच नाही. तीन बटनं देल्ले. हो, नाही, अन् 'माहीत नाही'.

चंदाबाई : दोन सालं सांगून राह्यली मी. आता तं रडूबी येत नाही. तलाठी म्हने जहर पेलाच असन. माही सख्खी बहीन म्हने पेलाच असन. म्हाईत नाही, एवढं कोनाच्याच तोंडून नाही निंगालं. तिसरं दाब.

नुजहत : पन मले तं मालूम हाय ना!

चंदाबाई : तुले हाय. तिले नाही. दाब.

नुजहत : दाबलं.

चंदाबाई : काय म्हनते?

नुजहत : काहीच नाही. पुढचं नाव आलं. ढाणकीकडचं हाय कोनी. 'औषध घेतले.'

चंदाबाई : थांब. त्याच्या घरी इचार पयले.