सुट्टी सोमवारपासून

...आणि वर मलाच विचारतात, 'तारीख नक्की ना?' आता काय सांगू तुम्हाला! मी बाळंतपणाच्या विभागात शिकाऊ डॉक्टर. ओपीडीत बायकांना दिवसभर हेच सांगून माझा घसा बसतो, की बाई गं, तारीख म्हणजे अंदाज, बाळ काही कॅलेंडर बघून निघत नाही. आणि आमचे मोठे सर समोर आले, माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, 'तारीख नक्की ना, डॉक्टर?' की माझ्या तोंडून काय निघावं? 'नक्की, सर.'

अहो, करणार काय? सुट्टी मोजकी. वर एक दिवस जास्त झाला की परीक्षा पुढच्या खेपेला. म्हणून मी ठरवलं, सुट्टी घालवायची ती बाळासोबत, आधी घरी बसून एक दिवस वाया घालवायचा नाही. तारीख सोमवारची, सुट्टी सोमवारपासून. नवऱ्यानेही तेव्हापासूनच रजा टाकली, पाळणा रविवारी जोडायचा ठरला. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, चार दिवस आधी घरी बस की.' म्हटलं, 'आई, बसून करू काय?' तर म्हणतात, 'पण तारीख नक्की ना?' घ्या, घरातही तेच!

आणि गुरुवारी सकाळी... समोर एक पहिलटकरीण बसलेली, मी तिला विचारतेय, 'थांबून थांबून कळ येते का? कंबरेतून पुढे येते?' ती म्हणते, 'नाही हो.' आणि मला येतेय! तुम्हाला सांगते, असा आनंद झाला, असा आनंद झाला, आणि त्याच झटक्यात असा राग आला... पोटावर हात ठेवून म्हटलं, अगं ठकू, आपलं सोमवारचं ठरलं होतं ना? शेजारच्या टेबलावर माझी डॉक्टर मैत्रीण होती, तिला म्हटलं, 'खोट्या कळा असतील गं, एवढी ओपीडी संपवते.' ती म्हणाली, 'त्याआधी तू बाळंत होशील. ऊठ.'

दुपारी मुलगी झाली. माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. एवढीशी, लाल, चिडलेली... मी इतकी रडले, इतकी हसले, की सिस्टर म्हणाल्या, 'मॅडम, टाके घालू द्या.'

दुसऱ्या दिवशी सरांचा राउंड. आमच्यात रीत अशी, की सर खाटेशी थांबले की ज्याची ड्यूटी त्याने पेशंटची हकिकत घडाघडा सांगायची. सर माझ्या खाटेशी थांबले. 'हा पेशंट कुणाचा?' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मैत्रीण हळूच म्हणाली, 'सर, आजची ड्यूटी... हिचीच आहे.'

सवय वाईट हो! पोरीला छातीशी धरून मी सुरू, 'सर, पहिलटकरीण, काल नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, दोघी सुखरूप.'

'तारीख?'

'सोमवारची, सर.'

'नक्की होती ना?'

'सर... तारीख म्हणजे अंदाज.'

सर हसले नाहीत. पोरीच्या टाळूवरून बोट फिरवलं. मी मनात हिशेब मांडला, आता सुट्टी कालपासून धरणार, पोरीचे चार दिवस गेले. तर म्हणाले, 'सुट्टी सोमवारपासूनच. तोवर तुम्ही ड्यूटीवर. पेशंट एकच, ही.'

मी म्हटलं, वा, जिंकलो! मग काय, सोमवार आला, सुट्टी लागली, सुट्टी संपली, परीक्षासुद्धा झाली... पण तुम्हाला सांगते, त्या ड्यूटीवरून मला सोडवायला अजून कुणी आलेलं नाही.