विटांच्या आतलं घर

इंग्लंडमधल्या लडलो गावच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी उभ्या होत्या, एनिड आणि डोरीन.

“घर विकायचं ठरलं ना गं, एनिड?”

“ठरलं होतं. पण मंगळवारी गवंड्याने झोपायच्या खोलीतला ओला गिलावा काढला, तर आत ओकचे खांब! जुन्या इमारतींच्या जाणकार बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, साडेपाचशे वर्षांचे आहेत.”

“काहीतरीच! तुमचं घर तर विटांचं.”

“विटा नुसत्या रस्त्याच्या बाजूला. कुणा हौशी मालकाने मागाहून लावल्या. आत जुनं घर उभंच्या उभं! चाळीस वर्षं त्या खांबाला डोकं लावून झोपले मी, आणि पत्ता नाही.”

“ह्यूबर्ट काय म्हणाला?”

“नवरा माझा जन्माचा सुतार. बागेतून तसाच वर आला, खांब बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली.”

“चर्चमध्ये काढतात तशी?”

“अगदी तशी. म्हणाला, ‘एनिड, यात एक खिळा नाही. सगळं लाकडी खुंट्यांवर उभं आहे. आणि सांध्यावरचे हे आकडे बघ. कुठला तुकडा कुठे बसवायचा, ते त्या वेळच्या सुताराने कोरून ठेवलंय. मीसुद्धा असेच कोरायचो.’”

“मग?”

“मग त्या आकड्यांवरून बोट फिरवत बसला. चहा गार झाला, तरी उठेना.”

“आणि विक्री?”

“कसली विक्री! दारावरची पाटी त्यानेच उतरवली.”

बस आली.

“जाऊ दे तिला,” डोरीन म्हणाली. “आधी मला तो खांब दाखव.”