सरुबाईंनी दिलेलं प्रायश्चित्त

नाही हो फादर, मी त्या सभेत बोलणार नाही — पत्रिकेत नाव छापलं असलंत तर खोडा. ‘मोठ्या माणसांना धर्मशिक्षणाकडे कसं वळवावं — मार्गदर्शन : सरुबाई त्रिभुवन’ — वाचायला छान वाटतं, पण तिथं उभं राहून मी सांगू काय? खरं सांगितलं तर मला चर्चबाहेर काढतील, आणि खोटं बोलू नये ही आठवी आज्ञा मुलांना मीच शिकवते. बसा ना, वर्गाला अजून अर्धा तास आहे. तुम्ही येरवड्यात नवे — तीन महिने झाले, नाही का? — तुम्हाला वाटतं, गुरुवारी प्रौढांच्या वर्गाला सतरा माणसं येतात ती माझ्या शिकवण्यामुळे. छे! आधी दोघंच यायची. एक वैजनाथ, त्याला आपल्या चर्चमधल्या मुलीशी लग्न करायचं होतं, आणि एक आजी, त्यांना पंख्याखाली बसायचं होतं. लग्न झाल्यावर वैजनाथ यायचा थांबला, थंडी पडल्यावर आजी.

मग काय झालं? सांगते. पण कुणाबद्दल ते विचारू नका, नाव माझ्या तोंडून निघणार नाही. गेल्या जानेवारीतला शनिवार. मुलांचं पहिलं कन्फेशन आठवड्यावर आलेलं. मुलं घाबरतात हो त्या लाकडी खोक्याला — आत अंधार, मध्ये जाळी, पलीकडून फादरांचा नुसता आवाज — म्हणून मी दर वर्षी सराव घेते. फादरांच्या जागी मी बसते, मुलांनी पलीकडे गुडघे टेकायचे आणि खोटी पापं सांगायची. खरी फादरांसाठी राखून ठेवायची, हे बजावलेलं असतं. तर समर्थनं बँक लुटली. ऋतुजाचं पाप एकच, पण ते काही केल्या संपेना. अर्णवला स्वतःचं एकही सापडेना, म्हणून त्यानं बहिणीची सांगितली — क्रमवार. मग मुलं बिस्किटं खायला पळाली आणि मी तिथंच राहिले. गुडघा धरला होता माझा, उठता येईना. मुद्दाम बसले नव्हते हं, हे आधी लक्षात घ्या.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी गुडघे टेकले. जड माणूस — फळी करकरली. ‘फादर, आशीर्वाद द्या, माझ्या हातून पाप झालंय.’ आवाज मी लगेच ओळखला. कोण नाही ओळखणार? दर रविवारी पहिल्या बाकावरून घुमतो. आपल्या चर्च कमिटीचे अध्यक्ष — झालं, अध्यक्ष म्हटलं का मी? असू दे, जगात अध्यक्ष पुष्कळ असतात. मी तोंड उघडलं होतं फादर, देवाशप्पथ — बरं, शपथ नको, दुसरी आज्ञा — ‘अहो, मी सरू आहे’ हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण त्याआधी ते म्हणाले, ‘मला विश्वासांगीकार येत नाही.’

विश्वासांगीकार! दर रविवारी मिस्सात सगळे उभं राहून म्हणतात तो! ‘चाळीस वर्षं नुसते ओठ हलवतोय, फादर. “मी विश्वास ठेवतो” एवढं मोठ्यानं म्हणतो, मधलं पुटपुटतो, आणि शेवटचं आमेन ठणकावतो.’ आणि याच माणसानं, फादर, आदल्या रविवारी सगळ्यांसमोर मला ऐकवलं होतं — ‘सरुबाई, तुमच्या मुलांचं पाठांतर कच्चं आहे, मी स्वतः परीक्षा घेणार.’ मला असं हसू फुटलं, पदर तोंडात कोंबला. खोटं कशाला बोलू, फार मजा वाटली. आणि मग ते रडायला लागले. वडील रस्त्याच्या कामावर, आज या गावात तर उद्या त्या. एका चर्चमध्ये दोन रविवार सलग मिळाले नाहीत, तर शिकणार कधी? पुढे बुधवार पेठेत पंख्यांचं दुकान टाकलं, चार माणसांत मान मिळाला, मग विचारायची लाज. बायकोला माहीत होतं. ती शेजारी उभी राहून हळूच पुढचा शब्द सांगायची. ‘ती गेल्यापासून, फादर, पुढचा शब्दच येत नाही.’ आता सांगा — अशा वेळी मी काय म्हणू, ‘अहो, मी सरू’?

घसा खाकरला. आवाज जाड केला. म्हटलं, ‘बाळा’ — माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत ते! — ‘बाळा, दर गुरुवारी सहा वाजता मोठ्यांच्या वर्गाला जा.’ पापमोचन नाही दिलं हं! ते फादरांनीच द्यायचं, तेवढी अक्कल आहे मला. ‘ते पुढच्या शनिवारी येऊन घे,’ म्हटलं. तर म्हणतात कसे, ‘फादर, तो वर्ग सरुबाई घेतात. ती बाई फार टोचून बोलते.’

मी म्हटलं, ‘तेच तुझं प्रायश्चित्त.’

आले की! ‘वर्ग कसा चालतो ते बघायला आलोय,’ म्हणाले, आणि वही पाठीमागे लपवलेली. अध्यक्ष येतात म्हणून कमिटी आली, कमिटी आली म्हणून त्यांच्या बायका आल्या — बाकीच्यांना वाटलं, हजेरी लागते. मी विश्वासांगीकार पहिल्या शब्दापासून घेतला, एका गुरुवारी एक ओळ, अर्थासकट, आणि कुणाला एकट्याला उभं केलं नाही. मुलांची परीक्षा? ती त्यांनी पुढे ढकलली, अजून ढकलतायत. आणि परवा नाताळच्या मिस्साला हिंदुराव उभे राहिले आणि अख्खा विश्वासांगीकार म्हणाले, सगळ्यांच्या एक शब्द पुढे, छत हलेल असा — काय? हिंदुराव म्हटलं मी? नाही... हो? बरं, म्हटलं असेन. तुम्ही ऐकलं नाहीत. कॅथलिक माणसाचं नाव हिंदुराव, आजोबांनी हौसेनं ठेवलेलं. एकदा ऐकलं की विसरायची सोयच नाही, त्याला मी काय करू?

हो, हो, त्यांना सांगून टाकायला हवं, कळतं मला. फादरांच्या जागी बसून दुसऱ्याचं कन्फेशन ऐकणं ही काय लहान गोष्ट आहे? जुन्या फादरांना सांगायला मी तीनदा गेले, आणि तीनदा ‘शेजारणीवर चिडले’ एवढंच सांगून परत आले. पण अध्यक्षांना सांगितलं, आणि त्यांनी यायचंच बंद केलं तर? वर्ग मोडेल म्हणून म्हणतेय हो! वर्गाचं म्हणतेय मी. ही साडी? ही जुनीच आहे. बरं, दिवाळीतली. गुरुवारी आपली हीच हाताला लागते. हसता काय? तो थर्मास बिनसाखरेच्या चहाचा, त्यांना साखर चालत नाही — कमिटीच्या अध्यक्षांची कुणी काळजी घ्यायची की नाही?

आणि एक — हे मी सांगणारच नव्हते. गेल्या गुरुवारी थंडीनं माझा घसा बसलेला. ते वहीत मान घालून काहीतरी लिहीत होते, लक्ष नव्हतं. मी आपली मुलांना म्हणते तसं सवयीनं म्हटलं, ‘बाळा, इकडे लक्ष दे.’ तर मान वर न करता म्हणाले, ‘हो, फादर.’ सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे वळले, खडू मोडला हातात. परत बघते तर ते हसत नव्हते. नुसते बघत होते माझ्याकडे. मग म्हणाले, ‘पुढची ओळ घ्या, सरुबाई.’ जीभ घसरली असेल, नाही फादर? घसरते माणसाची. की पहिल्या गुरुवारपासूनच त्यांना — अहो, बोला ना काहीतरी! एरवी प्रवचनात अर्धा अर्धा तास बोलता!

थांबा. स्कूटर आली बघा बाहेर. पावणेसहालाच येतात हल्ली. उठा फादर, उठा लवकर — त्यांची खुर्ची आहे ती. आणि मागच्या दारानं जा.